बुवांनी पास केलेला सेट

रेडिओ दुकानात कधीच खरा बोलत नाही. शेठच्या देखत हे मी कधी तोंडातून काढलं नाही. आता शेठही नाहीत, दुकानही नाही, आणि रेडिओ घ्यायला तर कोणीच येत नाही. तेव्हा सांगायला हरकत नसावी.

परवा मुलीला नवा टीव्ही घ्यायचा होता, म्हणून तिच्याबरोबर गेलो. भिंतभर टीव्ही लावलेले आणि सगळ्यांवर एकच चित्र. लालभडक मिरच्या, निळं पाणी, मग एक पोपट. एवढा हिरवा पोपट मी उभ्या आयुष्यात पाहिला नाही. मुलगी म्हणाली, "बाबा, तुम्ही या धंद्यातले. सांगा कोणता घेऊ." मी म्हटलं, पोपट राहू दे, एखादा माणूस दाखवायला सांग. माणसाचं तोंड आपल्याला ठाऊक असतं, पोपटाचं नसतं. आणि दुकानातले हे दिवे मालवायला सांग, आपल्या घरात काही एवढा उजेड नसतो. विकणाऱ्याला दोन्ही सूचना आवडल्या नाहीत. मला त्याचा राग आला नाही. पन्नास-साठच्या दशकात त्याच्या जागी मीच उभा होतो, अकोल्यातल्या एका रेडिओच्या दुकानात. त्याआधी अमरावतीला मामांच्या हाताखाली डाग द्यायला शिकलो होतो. डाग देणं म्हणजे तारेचे सांधे शिशाने जोडणं. अकोल्याच्या शेठना दुरुस्ती करणारा आणि गिऱ्हाईक पटवणारा असा एकच माणूस हवा होता, तो मी झालो.

नव्या वाचकांसाठी थोडं सांगतो. तेव्हाचा रेडिओ म्हणजे लाकडी पेटी, आत काचेचे व्हॉल्व. बटण फिरवलं की आधी डायलचा दिवा लागायचा, मग व्हॉल्व तापेपर्यंत वाट पाहायची, मग आवाज. आवाज कसा येणार हे निम्मं एरियलवर, म्हणजे छपरावर ताणलेल्या तांब्याच्या तारेवर. आमच्या दुकानाचं एरियल तिसऱ्या माळ्याच्या गच्चीवर, दोन उंच बांबूंच्या मध्ये. शिवाय शेठनी एका कोपऱ्यात सागवानी फळ्यांचा कोनाडा करवून घेतला होता. त्यात कसलाही सेट ठेवला तरी आवाजाला भारदस्तपणा यायचा. तोच सेट माणूस घरी नेऊन टिनाखाली खिडकीत ठेवायचा, एरियल म्हणून कपडे वाळत घालायची तार जोडायचा, आणि दुसऱ्या दिवशी येऊन म्हणायचा, तुम्ही पेटी बदलली.

पारखायचं कसं, ते मी विचारणाऱ्याला सांगत असे. आवाज मोठा करू नका, लहान करा. मोठ्या आवाजात सगळेच सेट मर्द असतात. गाणं लावू नका, बातम्या लावा. बातम्या देणाऱ्याचे स आणि श वेगवेगळे ऐकू आले पाहिजेत. मग काटा दोन स्टेशनांच्या मधे नेऊन नुसती खरखर ऐका. पण ऐकणार कोण? अमरावतीचे एक वकील दोरीने भिंतीतल्या कोनाड्याचं माप घेऊन आले. जो सेट त्यात बसला तो घेतला, वाजवून पाहिलाच नाही. एक भटजी फक्त घड्याळ लावायला रेडिओ घेऊन गेले. शेंदूरजनाघाटचे एक संत्र्यांचे बागवाले दर सेट पूर्ण आवाजात लावायला सांगून स्वतः छत्री घेऊन रस्त्याने चालत सुटायचे. आवाज ऐकू येईनासा झाला की परत यायचे आणि म्हणायचे, "हा बागेच्या त्या टोकाले नाई पोचत." त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता, कारण त्यांचं बरोबरच होतं.

बाकीचे मात्र स्वतःच्या कानावर विश्वास ठेवत नसत. आमच्याकडे बैल घ्यायचा तर कोणी एकटं बाजारात जात नाही. एक जाणता बरोबर न्यायचा, त्याला पारखी म्हणायचं. तो दात पाहतो, खूर पाहतो, बैलाला चार पावलं चालवतो आणि मान हलवतो. रेडिओ आला तेव्हा लोकांनी तोच रिवाज रेडिओला लावला. आणि अकोल्यात रेडिओचे पारखी म्हणजे गोविंदबुवा.

बुवा मुलींच्या शाळेत गायन शिकवत. राहायचे जठारपेठेत. बायको लवकर गेली, घरात एकच मुलगी, सुमती. लांब काळा कोट, काळी टोपी, हातात छत्री. बोलणं मोजकं. गिऱ्हाईक म्हणायचं, बुवांना बोलवा, की शेठ मला पिटाळायचे. बुवा एक पै घेत नसत, फक्त चहा. त्यांची पारख एकच होती. सकाळी नागपूर स्टेशनवर शास्त्रीय गाण्याआधी तानपुरा सुरू झाला की ते डोळे मिटायचे. तानपुऱ्याच्या तारेखाली घोडीवर एक बारीक दोरा असतो. तो नेमक्या जागी सरकवला की तारेतून एक नाजूक झंकार उठतो, त्याला जवारी म्हणतात. बुवा म्हणायचे, "ज्या पेटीतून जवारी येते, तिच्यातून सगळं येतं." मी माझ्या परीने पुष्कळ तपासून पाहिलं. बुवांचा निकाल कधी चुकला नाही. "बुवांनी पास केलेला सेट" एवढं म्हटलं की बाजूच्या दुकानात चौकशी करायला कोणी जात नसे.

मग एका वर्षी बुवा नापास करायला लागले.

आधी एक, मग दुसरा, मग चांगले चांगले सेट. "दबलेला आहे. घोंगडी पांघरून गातोय. जवारी नाही." मला तर जवारी स्वच्छ ऐकू येत होती. मला वाटलं आपलंच काही चुकतंय, मी व्हॉल्व बदलले, एरियल उतरवून घासलं. शेठ कातावले. "बुवा आपलं गिऱ्हाईक तोडून राहिले. तू करून काय राहिला?"

त्याच सुमारास मुंबईहून आलेला एक माल पडून होता. पेटी देखणी, स्टेशन नेमकं लागलं की चमकणारा हिरवा डोळा, पण आवाज चिरका. कानात सुई गेल्यासारखं वाटायचं. स्वर मऊ करायचं बटण शेवटपर्यंत फिरवलं तरी फरक पडत नसे. परत पाठवायचे म्हणून ते सेट मी मागे ठेवले होते. एकदा चुकून त्यातला एक कोनाड्यात लागलेला होता आणि बुवा आले. तानपुरा सुरू झाला. मी सेट बंद करायला धावलो, तर बुवांनी हात वर केला. डोळे मिटून पूर्ण ऐकलं. कित्येक महिन्यांनी त्यांच्या तोंडावर हसू पाहिलं. म्हणाले, "वसंता, ही पेटी कुठे लपवली होतीस?"

त्या क्षणी मला कळलं. माणसाचा कान जातो तो एकदम जात नाही. आधी बारीक, वरचे आवाज जातात. पैंजणं जातात, चिमण्या जातात, स आणि श एक होतात. खालचा आवाज राहतो, त्यामुळे माणसाला वाटतं आपल्याला ऐकू येतंय, जगच पुटपुटायला लागलंय. बुवांच्या कानातून जे गळून गेलं होतं, ते त्या चिरक्या पेटीत जरुरीपेक्षा जास्त होतं. तेवढंच त्यांच्यापर्यंत पोचत होतं.

शेठनाही कळलं, पण त्यांना दुसरंच काही दिसलं. "माल परत नोको पाठवू," ते म्हणाले. "आता जो गिऱ्हाईक येईन, त्याच्यासाठी बुवाले बोलवत जाय." मी म्हटलं, शेठ, बुवांचं नाव जाईल. शेठ म्हणाले, "नाव त्यायचं, माल आपला." शेठ काही वाईट माणूस नव्हते. पडून राहिलेल्या मालाने त्यांची झोप उडाली होती, एवढंच. पण त्या दिवशी ते मला आवडले नाहीत.

मी एका दुपारी बुवा शाळेत असताना त्यांच्या घरी गेलो. सुमतीताई दाराशीच भेटल्या. मी कसंबसं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि मला आत नेऊन कोपऱ्यातला तानपुरा छेडला. तो नुसता खडखडत होता, टिनावर गारा पडाव्यात तसा. जवारीचा दोरा पार भलतीकडे सरकवलेला. "बाबा रोज सकाळी असा लावतात," त्या म्हणाल्या. "मग फिरायला जातात. ते गेले की मी परत लावते. ते आले की पुन्हा सरकवतात. मला म्हणतात, सुमे, तुझा हात जड झाला."

"त्यांना सांगायला नको का?" मी विचारलं.

"शाळेत कळलं तर उद्यापासून बसवतील घरी. आणि शाळा गेली, तर वसंतभाऊ, त्या माणसाजवळ दुसरं काय आहे? तुम्ही बोलू नका. पाया पडते."

मी बोललो नाही. ते बरोबर केलं की नाही हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

बुवांनी पास केलेले ते सेट एकेक करून गेले. त्यातला एक मूर्तिजापूरच्या आनंदरावांनी नेला. आनंदराव म्हणजे पंचक्रोशीतले मोठे कास्तकार, बैलांचे नावाजलेले पारखी, आणि भजनाचे वेडे. गावच्या भजनी मंडळाला बुवांनी चाली शिकवल्या होत्या, म्हणून त्यांची बुवांवर देवासारखी श्रद्धा. दिवाळी झाल्यावर एका सकाळी ते दुकानात आले, खांद्यावर सतरंजीत गुंडाळलेला सेट. शेठ गावाला गेले होते. आनंदरावांनी सेट टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "लाव. आन् तूच आइक."

मी लावला. त्यांनी उपरण्याचं टोक कानावर धरलं.

"घरात म्हातारी म्हनते, बंद कर नाई तं मी भावाच्या घरी जातो. बैल बिचकतेत. हा बुवानं पास केला?"

"हो."

"मायासमोर केला, मले मालूम हाय. मी तवाच म्हनलं, मले काई कळत नसन." त्यांनी उपरणं खाली घेतलं. मग हळूच विचारलं, "वसंता, बुवाचा कान गेला का रे?"

मी सेट बंद केला. त्यांना उत्तर मिळालं. मी म्हटलं, आनंदराव, सेट बदलून देतो, शेठ यायच्या आत दुसरा घेऊन जा. त्यांनी नकाराची मान हलवली.

"बदलून नेला तं चार लोकाईले दिसन. मूर्तिजापूरच्या आनंदरावानं बुवाचा सेट वापस केला, अस्सं होईन. बाजारात पारख्याचा डोळा गेला तं त्याले कोनी तोंडावर सांगत नाई, बाप्पा. माया बापाचा गेला होता. लोकाईनं फक्त बोलावनं बंद केलं. त्याले समजलं, त्यानं सोताच बाजार सोडला." मग माझ्याकडे रोखून पाहत म्हणाले, "तुमी तं बोलावून राहिले अजून. कावून?"

का, ते ऐकायला ते थांबले नाहीत. त्यांनी सेट पुन्हा सतरंजीत गुंडाळला आणि दुपारच्या गाडीने परत नेला. एवढं चांगलं गिऱ्हाईक अशी वाईट पेटी खांद्यावर घेऊन स्टेशनकडे चाललेलं पाहून मला रडू आवरेना. धंद्यात रडायची सवय नसते, म्हणून मी आत जाऊन डाग देत बसलो.

पुढच्या वर्षी आनंदरावांच्या मुलीचं लग्न झालं आणि जावयाला रेडिओ द्यायचा ठरला. ते दुकानात आले तेव्हा मी डोळ्यांनी खुणावलं, पण शेठनी हाक दिलीच. "वसंता, जाय, बुवाले घेऊन ये." त्या चिरक्या मालातला शेवटचा सेट उरला होता.

बुवा आले. आनंदराव पाया पडले. मी मुद्दाम चांगला सेट कोनाड्यात ठेवला होता. तानपुरा लागला. बुवांनी डोळे मिटले, कपाळाला आठी पडली. "नाही. पुढचा लाव." शेठनी दुसरा पुढे केला. तो किंचाळायला लागला आणि बुवांचा चेहरा उजळला. "ही. हिच्यात आहे." एवढं म्हणून त्यांनी डोळे उघडले.

समोर आनंदराव बसले होते. वर्षभराच्या सवयीने त्यांचा हात आपोआप उपरण्याकडे गेला होता आणि उपरणं कानावर होतं. एक डोळा बारीक झाला होता. बुवांचे डोळे अगदी चांगले होते. त्यांनी आनंदरावांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी खाली पाहत होतो. त्यांनी स्वतः उठून सेट बंद केला.

"आनंदराव, मी दिलेला तुमचा सेट कसा आहे?"

"गोड हाय बुवा. लय गोड."

"कुठे ठेवलाय?"

आनंदरावांना बैलाचं खोटं वय सांगता आलं असतं, पण हे जमेना. "आतल्या खोलीत हाय. गोधडी टाकून."

"गोधडी कशाला?"

"धूळ नोको बसाले म्हनून."

शेठ मधे काही बोलायला गेले. बुवांनी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "वसंता," ते म्हणाले, "पहिल्या पेटीत जवारी होती?"

सुमतीताईंचे शब्द मला आठवत होते. पण बुवा असे उभे होते की खोटं बोलणं हाच त्यांचा अपमान झाला असता. मी म्हटलं, "होती, बुवा."

"चांगली होती?"

"चांगली होती."

त्यांनी मान हलवली, एखाद्या विद्यार्थिनीची तान बरोबर आल्यावर हलवावी तशी. पहिल्या सेटच्या लाकडावर तळवा ठेवून थोडा वेळ उभे राहिले. मग आनंदरावांना म्हणाले, "जावयांना ही पेटी द्या. वसंताने पास केली आहे. यापुढे तोच करेल." दाराशी गेल्यावर बुवा वळले. "आणि तुमची ती गोधडीखालची मला आणून द्या. मला आता तीच ऐकू येईल."

आनंदरावांनी उपरणं डोळ्यांना लावलं. बुवा छत्री घेऊन निघून गेले. चहा तसाच राहिला.

त्याच आठवड्यात बुवांनी शाळा सोडली. कोणी सांगितलं नव्हतं. घरच्या शिकवण्या सुमतीताई घेऊ लागल्या. शेवटचा चिरका सेट मी कोणालाच विकू दिला नाही. शेठ त्यावरून बोलले, पण मला काढलं नाही. माझं नाव पुढे बुवांच्या जागी चालायला लागलं. लोक लांबून माझ्यासाठी यायचे. मी त्यांना सेट दाखवण्याआधी एकच विचारायचो, घरात ऐकणारं कोण आहे. काहींना राग यायचा.

आनंदरावांनी तो सेट स्वतः आणून दिला, मी जठारपेठेत जाऊन लावला. पुढची काही वर्षं त्या गल्लीतून जाताना तो लांबूनच ऐकू यायचा. शेजारी कुरकुर करत. मला मात्र तो कर्कश आवाज ऐकून बरं वाटायचं. वाटायचं, बुवांना ऐकू येतंय.

शेवटचा गेलो तो एका दुपारी. सुमतीताईंनी व्हॉल्व बदलायला बोलावलं होतं. दारातूनच नुसती खरखर ऐकू आली. दुपारची सभा, म्हणजे दुपारचं प्रसारण, संपून स्टेशन केव्हाच बंद झालं होतं. बुवा पेटीसमोर बसले होते, डोळे अर्धे मिटलेले, मांडीवर बोटांनी ठेका. डायलचा पिवळा दिवा त्यांच्या तोंडावर पडला होता.

मी सुमतीताईंकडे पाहिलं. त्या हळू आवाजात म्हणाल्या, खरं तर हळू बोलायची गरज नव्हती, "स्टेशन बंद आहे हे त्यांना कळत नाही. पण मी बटण बंद केलं तर दिवा जातो. तो दिसतो त्यांना. मग विचारतात, का बंद केलंस, किती छान लागला होता."

लोकांच्या रेडिओतली खरखर काढणं हा माझा जन्मभराचा धंदा. नवा व्हॉल्व खिशात होता. मी तो सुमतीताईंच्या हातात दिला, बुवांना मागूनच नमस्कार केला आणि बटणाला हात न लावता पायऱ्या उतरलो.